कलम चौदा: एक रोस्टर, झाकणासह

लग्न करायला दोन माणसं लागतात, एवढं मला ठाऊक होतं. आधीचं लग्न मोडल्याचा कागदही लागतो, आणि तोही सही-शिक्क्याचा, हे मात्र मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, लग्नाला पाच दिवस उरले असताना कळलं. परवान्याच्या खिडकीतल्या बाईंनी माझे बाकी सगळे कागद घेतले, नीट टाचले आणि म्हणाल्या, "घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल तेवढी आणा. खालच्या मजल्यावर मिळेल. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हं, नंतर कोर्ट बंद."

"शुक्रवारी बारालाच बंद?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी हरणांची शिकार सुरू होतेय, मिस्टर टॉलेफसन. न्यायाधीशसाहेब शुक्रवारी दुपारीच झाडावर चढतात."

आता, टॅमरॅक काउंटीत जन्म काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं, ही शरमेची गोष्ट आहे. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही, कारण शवपेटी उचलायला माणसं मिळत नाहीत. सगळे पुरुष नारिंगी जाकिटं घालून जंगलात मचाणावर बसलेले असतात. पण मी कधी बंदूक हातात धरली नाही. चर्चच्या तळघरातला हॉल अख्ख्या महिन्यात त्या एकाच शनिवारी रिकामा दिसला, तेव्हा मी नशीब समजून तो धरला. रिकामा का आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शेजारच्या ड्वेनला ही तारीख कळली, तेव्हा तो कुंपणाला धरून उभा राहिला. "हरणांच्या शनिवारी लग्न? ओरिन, तुला लग्न करायचंय की लपवायचंय?"

लव्हॉननं मात्र तारीख हसत मान्य केली. लव्हॉन म्हणजे माझी होणारी बायको. बाजारपेठेत तिचं गोधड्यांच्या कापडाचं दुकान आहे, आणि हसताना ती जे हातात असेल ते खाली ठेवते, इतकं मनापासून हसते. "बरंच झालं," ती म्हणाली, "पुरुष कमी आले तर हॅम पुरेल." पण त्याआधी मी दोनदा तारीख पुढे ढकलली होती. एकदा हॉलचा अर्ज जुन्या नमुन्यावर होता म्हणून, आणि एकदा हॉलच्या मागच्या दारावरचा दिवा नियमाप्रमाणे लागत नव्हता म्हणून. त्यामुळे हसून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ओरिन, तिसऱ्यांदा नाही हं. या शनिवारी लग्न झालं नाही, तर रविवारी मी बहिणीकडे अॅरिझोनाला जाईन आणि हिवाळा तिथेच काढीन. पुढचं पुढे." लव्हॉन शांतपणे बोलते तेव्हा ती ठरवून बोललेली असते.

तर सोमवारी दुपारी मी कोर्टाच्या खालच्या मजल्यावर नक्कल विभागात गेलो. काउंटरमागे ट्रूडी होती.

इथे मला एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. मी बत्तीस वर्षं या काउंटीत गाडी चालवण्याची परीक्षा घेत होतो. शेजारी बसून, मांडीवर कागद लावलेली पाटी ठेवून. माझ्या नावानं इथली मुलं रडायची. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावायची, चाक फुटपाथच्या कडेपासून बारा इंचांच्या आत हवं. बारा म्हणजे बारा. साडेबारा झालं की मी पाटीवर फुली मारत असे. मला त्यात आनंद वाटायचा असं नाही, पण वाईटही वाटायचं नाही, हे कबूल करतो. ट्रूडीला मी तीनदा नापास केलं होतं.

"या, मिस्टर टॉलेफसन," ट्रूडी म्हणाली. चोवीस वर्षं एखाद्या पाहुण्याची वाट पाहावी, तसा तिचा आवाज होता. तिनं अर्ज पुढे केला. मी तो स्वच्छ अक्षरात भरला. तिनं तो उजेडात धरला.

"शाई निळी आहे. काळी लागते."

निळ्या शाईचे शेकडो अर्ज मी स्वतः परत केले होते, आणि प्रत्येक वेळी अगदी याच आवाजात.

मी काळ्या शाईत दुसरा अर्ज भरला. ट्रूडीनं ओळखपत्र मागितलं. मी ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. तिनं ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "याची मुदत संपलीय."

"शक्य नाही."

"अकरा दिवसांपूर्वी."

त्या दोन बायकांपैकी एकीला मी दोनदा नापास केलं होतं. दुसरीला एकदाच, पण तिनं मन लावून घेतलं होतं. दोघी उठून पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि व्हरांड्यातून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. बत्तीस वर्षं मी लोकांच्या लायसन्सच्या तारखा तपासल्या, माझी तपासायचं राहून गेलं. मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटलं.

मंगळवार लायसन्स नवीन करण्यात गेला. माझ्या जागी आलेल्या तरुण परीक्षकानं मला डोळे तपासायच्या यंत्राला कपाळ टेकायला लावलं. आतली खालची ओळ मला वाचता आली नाही, पण ती बत्तीस वर्षांत तोंडपाठ झाली होती, त्यामुळे मी पास झालो. फोटोत मी बँक लुटून आल्यासारखा दिसतो. ड्वेननं तो पाहिला आणि सल्ला दिला.

ड्वेनचे सल्ले फुकट असतात आणि कुंपणावरून येतात. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "कशाला हवी नक्कल? सात वर्षांनी घटस्फोट आपोआप पक्का होतो. दुधाचं दही होतं तसं. माझ्या मेव्हण्यानं तर मासेमारीचा परवाना दाखवून लग्न केलं होतं."

"आणि?"

"आणि काय, मोडलं. पण मासे कायदेशीर होते." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुझ्या कागदात तसं काही वाईट नाहीये रे. कलम चौदा सोडलं तर."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. "तू माझा घटस्फोट वाचलायस?"

"सार्वजनिक कागद आहे तो, ओरिन. कुणीही बघू शकतं. त्या वर्षी हिवाळा फार लांबला होता आणि तळ्यावर बर्फ इतका जाड की मासे लागत नव्हते. करणार काय माणूस?"

बुधवारी सकाळी ट्रूडीनं माझी फाइल काउंटरवर ठेवली. फाइलच्या वरच एक तक्ता डकवलेला होता: कोणी पाहिली, किती वाजता घेतली, किती वाजता परत केली. त्यावर अकरा नावं होती. ड्वेनचं दोनदा होतं. आमच्या पाद्रीबाबांचं होतं, आणि त्यांनी ती पाऊण तास ठेवून घेतली होती. माझ्या दंतवैद्याचं होतं. दाढ काढताना तो मला एवढ्या हळुवारपणे 'फार सोसलंत' का म्हणाला होता, त्याचा उलगडा मला आता झाला.

"सगळ्यांना बघायला मिळते," मी म्हणालो, "मग मला नक्कल द्यायला काय हरकत आहे?"

"साधी नक्कल आत्ता देते. शिक्क्याची देता येत नाही. फाइल उघडी आहे."

"उघडी म्हणजे?"

ट्रूडीनं पान काढलं आणि वाचलं. आवाज मोठा नव्हता, पण शब्द स्वच्छ होते. "कलम चौदा. प्रतिवादीने वादीच्या आईचा विजेवर चालणारा रोस्टर, एक नग, पिवळट रंगाचा, झाकणासह, तीस दिवसांच्या आत वादीस परत करावा. वादीने पोच दाखल करावी. पोच दाखल झाल्याखेरीज फाइल बंद होत नाही, आणि बंद झाल्याखेरीज शिक्का बसत नाही." तिनं मान वर केली. "बावीस वर्षं झाली, पोच नाही."

रोस्टर म्हणजे ते पाळण्याएवढं भांडं. अख्खा हॅम आत ठेवायचा, झाकण लावायचं, बटण फिरवायचं आणि सहा तास चर्चला जाऊन यायचं. आमच्याकडे बारशापासून मयतापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

"पण मी तो परत केला होता!" मी म्हणालो.

"कोणाला?"

आता हे समजावून सांगणं अवघड होतं. मी तो आमच्या पद्धतीनं परत केला होता. आमच्याकडे कुणाचं भांडं परत करायचं, तर ते चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवायचं आणि निघून यायचं. ज्याचं असेल तो नेतो. हातात द्यायला गेलं तर त्याला वाटेल, आपल्याकडे भांडं राहिल्याचा हा टोमणा मारतोय. आणि ज्याचं भांडं आहे त्यानं मागायचं तर मुळीच नसतं. इथे कुणी कुणाकडे काही मागत नाही. शिडी न्यायची असली तर माणूस शेजाऱ्याच्या दारात उभा राहून छप्पर किती उंच आहे यावर बोलतो. त्या रविवारी डार्लीन, म्हणजे माझी पहिली बायको, कॉफी वाटत होती. मी रोस्टर ओट्यावर ठेवला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि घरी आलो. माझ्या लेखी कलम चौदा तिथे संपलं होतं.

"मान हलवल्याची पोच आहे का?" ट्रूडीनं विचारलं.

नव्हती. नियम वेडगळ होता, पण नियम म्हणून चोख होता. माझ्या हातात असता तर मीही तो पाळला असता, आणि याच गोष्टीचा मला जास्त राग आला.

"आणि हे," ट्रूडी फाइल मिटता मिटता म्हणाली, "वादीचं म्हणणंही आहे यात. 'प्रतिवादीने मला, स्वतःच्या बायकोला, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास केले. एकदा दोन इंचांसाठी, एकदा एका इंचासाठी.'" ती थांबली. "मला वाटायचं, आम्हालाच तेवढं."

मी तिथून चर्चच्या तळघरात गेलो. तिथे विसरलेल्या भांड्यांचा एक कप्पा आहे. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात, पण पट्ट्या धुण्यात निघतात आणि भांडी अनाथ होतात. वर्षभर कुणी नेलं नाही, की ज्याला हवं त्यानं न्यावं, अशी रीत. मी गुडघ्यावर बसून कप्पा उपसला. एकोणीस काचेची भांडी निघाली, सात झाकणं निघाली, ड्वेनची हरवलेली वरची कवळी निघाली. रोस्टर नव्हता. उठताना कप्प्याचं दार डोक्याला लागलं आणि टेंगूळ आलं.

संध्याकाळी तसाच लव्हॉनकडे गेलो. लग्नाचा हॅम कसा होईल हे बघायला ती थोडा करून पाहत होती. घरभर लवंगेचा आणि तपकिरी साखरेचा वास सुटला होता. मी सगळं सांगितलं. ती हॅमवर रस सोडत ऐकत होती. चर्चच्या जेवणात दोन वर्षांपूर्वी तिनं मला असाच हॅम वाढला होता, आणि मी तिसऱ्यांदा ताट घेऊन गेलो, तेव्हा ती म्हणाली होती, 'तुम्हाला हॅम आवडतो की रांगेत उभं राहायला आवडतं?' तिथून आमचं जमलं.

"कसा दिसायचा तो?" तिनं विचारलं.

"पिवळट. पाळण्याएवढा. पुढचं बटण जरासं चटकलेलं..."

बोलता बोलता माझं लक्ष ओट्यावर गेलं. लव्हॉनच्या रोस्टरवर तिनं चांदीचा कागद घट्ट दाबून बसवला होता. बटणाचा कोपरा चटकलेला होता.

"लव्हॉन," मी म्हणालो, "याला झाकण नाही?"

"कधीच नव्हतं. चर्चच्या त्या कप्प्यातून आणला मी, चार वर्षं झाली."

मी मागचा पुढचा विचार न करता भांडं तिरकं करून बूड बघायला गेलो. दोन पेले गरम रस माझ्या पँटवर आला. मी नाचत असताना लव्हॉननं हॅम काढून घेतला, भांडं गार केलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. बुडाला पट्ट्यांचा थर होता. वरची तिची. ती सोलली तर खाली ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची. त्याखाली पाद्रीबाबांच्या बायकोची. त्याखाली कुणाची तरी अर्धवट. आणि सगळ्यात खाली, तपकिरी पडलेल्या पट्टीवर, माझ्या पहिल्या सासूच्या तिरक्या अक्षरात: ग्रूनवाल्ड.

म्हणजे मी ज्या भांड्यातल्या हॅमवर भाळलो होतो, ते भांडं मीच माझ्या पहिल्या बायकोला देणं लागत होतो.

लव्हॉननं हातातला चमचा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली. मग हळूहळू थांबली. "ओरिन," ती म्हणाली, "भांडं दिलं नाही तर लग्न होत नाही. दिलं तर ऐंशी माणसांचा हॅम कशात शिजवू? हॉलचे बाकी रोस्टर शिकारीच्या तळांवर गेलेत."

"काहीतरी करतो."

"अर्ज भरू नकोस हं," ती म्हणाली, "काहीतरी कर."

गुरुवारी दुपारी मी रोस्टर शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि डार्लीनकडे निघालो. ती पलीकडच्या गावात राहते. बावीस वर्षांत आम्ही चर्चच्या दारात, दुकानात, मयतीला भेटलो होतो, आणि हवेबद्दल बोललो होतो. तिनं शेजारच्या काउंटीत परीक्षा दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाली, हे मला ठाऊक होतं. ती शाळेची बस चालवते, हेही ठाऊक होतं. चाळीस फुटी बस, वीस वर्षं, एक ओरखडा नाही. हे मला लोक आवर्जून सांगत असत.

तिच्या घरासमोर तिची बस उभी होती आणि तिच्यापुढे शेजाऱ्याचा ट्रक. मध्ये एका गाडीपुरती जागा. पायरीवर डार्लीन उभी होती, हातात कॉफीचा मग. ट्रूडी तिची भाची लागते, हे मी विसरलो होतो. तिला सगळं कळलेलं होतं.

काच खाली केली. "गार पडलंय," मी म्हणालो.

"पडलंय," ती म्हणाली. "लाव गाडी."

मी गाडी पुढे नेली, मागे आणली, चाक वळवलं. बत्तीस वर्षं मी हे दुसऱ्यांना करायला लावलं होतं. स्वतः केव्हा केलं होतं आठवत नाही, मला नेहमी कोपऱ्यावरची मोकळी जागा मिळायची. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा मागे आलो. मागचं चाक कडेवर चढलं आणि उतरलं. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला. शेवटी मी गाडी बंद करून उतरलो, तेव्हा डार्लीन घरातून मोजपट्टी घेऊन आली होती.

ती वाकली. मोजलं. मग पट्टी तशीच धरून मला दाखवली. एकोणीस इंच.

"नापास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"परीक्षा कोण घेतंय?" डार्लीन म्हणाली. तिनं पट्टी गुंडाळली. "तुला आठवतं, मला लायसन्स कशाला हवं होतं?"

मला आठवत होतं. तिची आई त्या हिवाळ्यात चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात होती. डार्लीन शिकागोत वाढलेली, ट्रामनं फिरलेली, गाडी कधी शिकलीच नव्हती. दिवसातून एकच बस जायची. मी तिला नापास केलं तो बुधवार होता, आणि शुक्रवारी म्हातारी गेली.

"चौदा इंच होतं," मी म्हणालो. मग म्हणालो, "चौदा इंच काही फार नव्हतं, डार्लीन. चुकलं माझं. मला तेव्हाच कळलं होतं, पण पाटीवर फुली मारून झाली होती."

फुली खोडायचीही सोय होती. खोडून शेजारी सही करायची, बस्स. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिथे उभा असताना मला स्वतःची फार लाज वाटली.

डार्लीननं गाडीचं दार उघडलं, पट्टा सोडवला आणि रोस्टर उचलून छातीशी धरला. बुडाची तपकिरी पट्टी तिनं अंगठ्यानं चाचपली. मग तो घेऊन आत गेली, आणि परत आली तेव्हा त्यावर झाकण होतं. पिवळट, जुनं, चकचकीत घासलेलं झाकण. घर सोडताना घाईत तेवढंच तिच्या सामानात आलं होतं. बावीस वर्षं ती ते घासून ठेवत होती.

"त्या रविवारी मी पाहिला होता हा ओट्यावर," ती म्हणाली. "वाटलं, जेवणासाठी आणलायस. हातात देशील म्हणून थांबले."

"मला वाटलं, तू नेशील."

"तू मान हलवलीस आणि गेलास, ओरिन. मान तर तू सगळ्यांनाच बघून हलवतोस."

मी बरोबर आणलेला पोचेचा कागद तिनं माझ्या गाडीच्या टपावर ठेवला आणि सही केली. मी तो घडी करून खिशात घातला. आता निघायला हवं होतं. मी निघालो नाही. छप्पर किती उंच आहे ते बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला, हवेबद्दल काहीतरी बोललो, मग आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं.

"डार्लीन, शनिवारी माझं लग्न आहे. ऐंशी माणसांचा हॅम करायचाय. हा रोस्टर देशील का मला?"

शेजारच्या खिडकीतला पडदा एकदम स्थिर झाला.

"बघ," डार्लीन म्हणाली, "बोलता येतं की तुला." आणि तिनं तो झाकणासकट माझ्या हातात दिला. "थांब, नाव घालून देते." ती आत जाऊन चिकटपट्टी घेऊन आली, बुडाला लावली, काहीतरी लिहिलं आणि वर हातानं खुणा करत माझी गाडी त्या जागेतून रस्त्यावर काढून दिली. त्याची मला गरज होती.

शुक्रवारी कोर्टात पोचलो तेव्हा बाराला बारा मिनिटं होती. ट्रूडीनं नारिंगी टोपी आधीच घातली होती. तिनं पोच उलगडली आणि तिची नजर सहीवर थांबली. माझीही थांबली. डार्लीननं निळ्या शाईत सही केली होती.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. मला अॅरिझोना दिसलं. लव्हॉन तिथे ऊन खात बसलेली दिसली. नियम मला पाठ होता.

ट्रूडी उठली. मागच्या यंत्रावर गेली, पोच आत घातली, आणि एक कागद घेऊन परत आली. "ही तिची प्रत," ती म्हणाली, "यात शाई काळी आहे." तिनं मूळ कागद फाइलीत मागे सरकवला, प्रत वर लावली, आणि माझ्या हुकूमनाम्यावर असा शिक्का मारला की काउंटर हादरलं.

"ट्रूडी," मी म्हणालो, "त्या तिसऱ्या वेळी तुझं किती होतं?"

"साडेबारा."

"फार छान लावली होतीस गाडी."

"माहितेय मला," ट्रूडी म्हणाली. "पळा, सात मिनिटं राहिलीत."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ती नक्कल हातात घेतली, पहिल्या पानाकडे एक क्षण पाहिलं आणि मला परत दिली. "हे दाखवायला लागतं, ठेवून घेत नाही आम्ही," त्या म्हणाल्या आणि परवान्यावर सही करून खिडकी बंद केली.

शनिवारी लग्न झालं. पुरुष येणार नाहीत असं वाटलं होतं, पण हॅमचा वास शिवारभर गेला असावा, कारण साडेबाराच्या सुमारास एकेक नारिंगी जाकीट तळघरात उतरायला लागलं. न्यायाधीशसाहेब बुटांचा चिखल झटकून रांगेत उभे राहिले. ड्वेननं फोटो काढले, त्यात सगळेजण रस्ता दुरुस्तीच्या कामावरचे वाटतात. डार्लीन आली, झाकण उचलून आत डोकावली, "लवंग जास्त झालीय," म्हणाली आणि दोनदा वाढून घेतलं. लव्हॉन तिच्याशेजारी बसून इतकी हसत होती की तिला काटा दोनदा खाली ठेवावा लागला. त्या दोघी काय बोलत होत्या, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही रोस्टर धुवायला घेतला. सोमवारी परत द्यायचा, हातात द्यायचा, आणि पोच घ्यायची, असं मी ठरवलं होतं. लव्हॉननं तो पुसायला उपडा केला आणि थांबली. "तू हे वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. बुडावरच्या नव्या पट्टीवर डार्लीननं लिहिलं होतं: 'डार्लीनचा आहे. हवा असेल तेव्हा मागेन. तोवर तुम्ही दोघं वापरा.'

मी ते पुन्हा वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते साबणाचं नव्हतं. मग मी हात कोरडे केले आणि काळ्या शाईचं पेन शोधून काढलं.

"कशाला?" लव्हॉननं विचारलं.

"नाही, म्हणजे रोस्टर पुन्हा आपल्याकडे आला ना. कलम चौदाप्रमाणे हे कोर्टाला कळवायला..."

लव्हॉननं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तिथे फडकं दिलं.

"ओरिन," ती म्हणाली, "भांडं पूस."

मी पुसलं.